पियानोची इर्जिक

"सांगितलं तर तुमाला पटायचं न्हाई," मारुती आबा सोफ्याच्या कडेला टेकत म्हणाले, "पन ही ऋचा पाळन्यात व्हती तवा आमच्या बाजीरावानं हिच्या रडन्यावर ढोलकी लावली व्हती. इतकं पक्कं रडायची. ती ढोलकी आजपातुर उतरली न्हाई."

यशोधन सरांनी चहाचा कप तोंडाजवळ नेला होता, तो तिथेच थांबला. मुंबईच्या एका वाद्यवृंदाचे हे कंडक्टर. सत्तर वादक त्यांच्या हातातल्या काडीकडे बघून वाजवतात, असं ऋचाने सांगितल्यापासून आबांना त्यांच्याबद्दल आदर वाटत होता आणि थोडी चुरसही. आबांच्या भजनी मंडळात जेमतेम डझनभर माणसं, आणि त्यांतली निम्मी आबांकडे बघतच नसत.

"ढोलकी दर पावसाळ्यात उतरते," माधवी म्हणाली. ती आबांची सून, ऋचाची आई. "आणि आबा, सरांना आधी पोहे तरी खाऊ द्या."

"खाऊ दे की. कानानं थोडंच खात्यात."

तुंगार्लीच्या ह्या बंगल्यात आबा पाहुणे होते. बंगला व्याह्यांचा. पण आबा कुठेही गेले की तासाभरात यजमानासारखे दिसू लागत, आणि खरे यजमान केशवराव आपल्याच घरात खुर्चीच्या टोकावर बसत. आजही तसंच झालं होतं. केशवराव टोकावर, त्यांच्या शेजारी वेताच्या खुर्चीत सरोजिनीबाई, उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, आणि समोर भिंतीला लागून त्यांचा काळा पियानो. सरोजिनीबाईंनी लोणावळ्यातल्या कितीतरी मुलींना त्या पियानोवर बोटं टाकायला शिकवलं होतं. त्यातली बहुतेक बोटं आता मोबाइलवरच चालत. एकच मुलगी टिकली, ती त्यांची स्वतःची नात. मुंबईला शिकली, मग परदेशात शिकली, आणि परत येऊन तिने एक अख्खा पियानो कॉन्चेर्टो लिहिला. त्याचा निकाल आज लागायचा होता.

पुढच्या हंगामात सरांच्या वाद्यवृंदाकडे एकाच नव्या रचनेला जागा होती. ऋचाची घ्यायची की दिल्लीच्या एका मुलाची, एवढंच उरलं होतं, आणि सरांना ते उद्या कळवायचं होतं.

"नाव 'इर्जिक' का ठेवलंस?" सरांनी ऋचाला विचारलं.

ऋचाने तोंड उघडायच्या आत आबा पुढे सरकले. "म्या सांगतो. इर्जिक म्हंजे भात लावायचं एकाच्या खाचरात आन उतरायचं अख्ख्या गावानं. मजुरी न्हाई. ज्याचं खाचर त्यानं समद्यांना पोटभर जेवाय घालायचं. बांधावर ढोलकी. एक जन वळ टाकतो, बाकीची वाकल्या वाकल्या झेलत्यात. भलरी म्हनत्यात त्येला. तर ही पोरगी मला म्हनली, आबा, कॉन्चेर्टो म्हंजे पियानो एकटा आन समोर सत्तर जन. म्या म्हनलं, मग ही इर्जिकच की गं."

सरांनी ऋचाकडे पाहिलं.

"हे मात्र खरं आहे," ऋचा म्हणाली.

आबांनी मिशीवरून हात फिरवला. खरं बोलण्याचा प्रसंग त्यांच्यावर क्वचित येई, आणि आला की त्यांना उगाच उंच झाल्यासारखं वाटे.

"पहिले दोन भाग मला पटलेत," सर म्हणाले. "भांडण आहे ते तिसऱ्याशी. सुरुवात उत्तम. पियानो हाक मारतो, वाद्यवृंद ओ देतो, रंग चढत जातो. आणि मग एकदम तू चार मऊ सूर वाजवून उठतेस. भरल्या घरातली वीज जावी तसं होतं. म्हटलं, समोर बसून ऐकावं. कागदावर मला दिसत नसेल कदाचित."

"दिसतंय ते बरोबर आहे, सर. मलाही तो शेवट आवडत नाही. दुसरा सापडत नाहीये."

केशवरावांनी कपाळाला हात लावला. गणिताचे निवृत्त शिक्षक. खरं बोलावं, असं त्यांनी तळेगावच्या दोन पिढ्यांना शिकवलं होतं आणि स्वतः दुधात पाणी किती आहे हेही गवळ्याला तोंडावर सांगत. पण परीक्षकासमोर इतकं खरं नको, असं आत्ता त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"बरं. ऐकूच," सर म्हणाले. "वाद्यवृंदाची बाजू कोण वाजवणार?"

सगळ्यांनी सरोजिनीबाईंच्या प्लास्टरकडे पाहिलं. ती बाजू सरोजिनीबाई वाजवणार होत्या, दुसऱ्या कीबोर्डवर. महिनाभर तालीम झाली होती, आणि ह्याच आठवड्यात बागेतल्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला.

"पाच मिनिटं द्या, सर," माधवी घाईने म्हणाली. "तोवर गच्चीतून तळं बघून घ्या. आज हवा छान आहे."

सर वर गेले आणि सगळं घर स्वयंपाकघरात जमलं.

तिथे आबांची थोरली बहीण झुंबरबाई शेगडीपुढे पाटावर बसून नव्या इंद्रायणीचा भात बघत होती. भाजे गावाहून येताना ती तांदूळ घेऊन आली होती, आणि विहिणीच्या गॅसवर भात नीट होत नाही म्हणून शेगडीही. मागच्या अंगणात आबांचा मुलगा अमृत पिकअप उभी करून भजनी मंडळाच्या माणसांना उतरवून घेत होता. वाद्यवृंदाच्या जागी त्यांनी गायचं, ही आबांची तोड. खिडकीतून ढोलकीची थाप ऐकू आली.

"मारुतराव, अजून विचार करा," केशवराव हलक्या आवाजात म्हणाले. "हे भजन नव्हे. आधुनिक संगीत आहे. बार्टोक, प्रोकोफिएव्ह यांच्या वाटेवरचं."

"बारटक्के ठावं हायेत मला. खेडोपाडी हिंडून शेतकऱ्यांची गानी उतरून घ्यायचे. पोरीनंच सांगितलं."

"बार्टोक. हंगेरीचे."

"असतील. मग शेतकऱ्यांच्या गान्याला शेतकरी चालत न्हाई व्हय?"

केशवराव बायकोकडे वळले. सरोजिनीबाई दारातच उभ्या होत्या. प्लास्टरमधला हात त्यांनी पदराखाली घेतला होता, जसा काही तो कोणाचा तरी उसना आणलेला.

"मी वाजवणार म्हणून हे सगळं ठरलं होतं," त्या म्हणाल्या. "आता माझ्या जागी ढोलकी."

"तुमच्या जागी न्हाई, विहीणबाई. तुमची जागा हाय तशी ऱ्हाईल. आमी आपलं उभं ऱ्हानार."

"अगं, त्या फ्रेंच संगीतकाराचं आठव," केशवराव समजुतीने म्हणाले. "युद्धात उजवा हात गेलेल्या वादकासाठी त्याने अख्खा कॉन्चेर्टो डाव्या हाताचा लिहिला. हात काय, बरा होईल."

"त्याच्यासाठी लिहिला हो. माझ्यासाठी कोणी लिहिलेला नाही."

"बाबा, सरांना पुढच्या आठवड्यात बोलावता येणार नाही का?" माधवीने विचारलं. ती सासर आणि माहेर यांच्या मध्ये उभी होती, अगदी खरोखरची, एकीकडे शेगडी आणि दुसरीकडे आई. "निदान लॅपटॉपवर तरी वाजवू. आबांची माणसं चांगली आहेत, पण आबांनी त्यांना काय काय सांगून आणलंय, देव जाणे."

"काय सांगितलंय?" झुंबरबाईने भातावरचं झाकण उचलत विचारलं. "मला तर म्हनला, यवढं वाजवलं की समद्यांना इमानानं मुंबईला न्यायचं ठरलंय."

"मारुतराव, मुंबईला विमानाने?"

"मान म्हून," आबा म्हणाले.

"मारत्या, तुज्या जिभंला हाड न्हाई, आन मला हे बिलकूल पसंत न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "बाईंचं काम बाईंनीच करावं. पन मानसं आलीत, भात शिजलाय. आता मागं जायचं म्हंजे बेअब्रू."

अशी अवस्था होती. केशवराव विरोधात, माधवी विरोधात, सख्खी बहीण अर्धी विरोधात, आणि सरोजिनीबाई अशा बघत होत्या की विरोध परवडला. आबा बढाया मारत तेव्हा कोणी ना कोणी हसायचं तरी. आज कोणीच हसत नव्हतं. त्यांना पहिल्यांदाच वाटलं, आपण पोरीच्या पानात माती कालवायला तर नाही ना आलो.

तेवढ्यात ऋचा आत आली. तिने कोणाकडे न बघता आजीचा डावा हात धरला.

"आजी, तू असतीस तर मी दुसऱ्या कोणाला हातही लावू दिला नसता. तू नाहीस, तर मला यंत्रापेक्षा माणसं हवीत. चुकली तरी. पण तू म्हणशील तसं."

"मला काय विचारतेस?" सरोजिनीबाई म्हणाल्या. "कॉन्चेर्टो तुझा आहे."

त्या वळून हॉलमध्ये गेल्या आणि आपल्या वेताच्या खुर्चीत बसल्या, पियानोकडे तोंड करून. परवानगी द्यायची ही त्यांची पद्धत होती.

मंडळ हॉलमध्ये आलं. चपला बाहेर, टोप्या सारख्या केलेल्या, बायकांनी पदर खोचलेले. बाजीराव म्हणजे आबांचा चुलतभाऊ, त्याने ढोलकी मांडीवर घेतली आणि गालिच्यावर बसावं की फरशीवर, ह्यात थोडा वेळ घालवला. ऋचाने सगळ्यांना परत एकदा समजावलं. "मी मान वर केली की ओ द्यायची. एकदा, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. तिसरी दिली की गप्प. शेवट मी एकटी वाजवते."

"हे समदं झालंय बाळ," बाजीराव म्हणाला. "आबानं देवळात लय घोटून घेतलंय. पियानोचं समदं तोंडानं म्हनायचा."

हे खरं होतं. भाज्याच्या देवळात आबाच पियानो झाले होते. धडाम काय, टिंगटिंग काय, सगळं तोंडाने. आणि मंडळाने चोख ओ दिली होती. चोख थांबलंही होतं.

यशोधन सर खिडकीजवळ उभे राहिले. मांडीवर स्वरलिपीची प्रत घेऊन बसायची त्यांची सवय, पण आज ती त्यांनी काखेत धरली. फाटकाबाहेर तळ्यावर आलेली चार पर्यटक मंडळी काय चाललंय म्हणून थबकली होती.

ऋचा पियानोवर बसली.

आबांनी ही पोर पियानोवर बसलेली शेकडो वेळा पाहिली होती, आणि दरवेळी त्यांना तोच चमत्कार वाटे: घरात चहा सांडणारी, चपला उलट्या घालणारी पोरगी तिथे बसली की दुसरंच कोणीतरी होऊन जाते. पाठ सरळ. खांदे सैल. डावा हात खाली गेला आणि चिखलात पाय रुतून निघावेत तसे जड, ओढाळ सूर आले, एकामागे एक, एक पाय, दुसरा पाय. वरून उजवा हात. तो रोपांच्या मुठी फेकल्यासारखा, कधी जवळ कधी लांब, पण प्रत्येक मूठ पडायची तिथेच पडत होती. मध्येच सूर असे एकमेकांना घासले की केशवरावांनी सवयीने डोळे मिटले. आबांनी मिटले नाहीत. खाचरात पाणी आणि ऊन एकदम डोळ्यांवर येतं तेव्हा असंच होतं, हे त्यांना ठाऊक होतं. हे ह्या पोरीने कुठून आणलं? बांधावर बसून पेरू खायची ती. कधी एक रोप लावलं नाही.

आमची हाय, असं आबांच्या मनात आलं. आणि लगेच, खरं सांगायचं तर, विहीणबाईंचीही. सरोजिनीबाईंची डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर तेच सूर वाजवत होती.

ऋचाने मान वर केली.

"उचल मूठ, टाक मूठ," मंडळाने ओ दिली. झुंबरबाईचा आवाज सगळ्यांच्या वरून, पत्र्यावर नख ओढल्यासारखा पण सुरात. बाजीरावाची थाप नेमकी पडली. सरांची भुवई वर गेली.

पियानोने पुन्हा हाक मारली, ह्या वेळी उंचावरून. पुन्हा मान, पुन्हा ओ. अमृत दारात उभा होता, त्याने बायकोकडे बघून बोटांनी सगळं ठीक असल्याची खूण केली.

तिसरी हाक. तिसरी ओ.

आणि मंडळ थांबलं नाही.

"उचल मूठ, टाक मूठ." ऋचाने चार मऊ सुरांसाठी हात उचलले होते, ते तसेच राहिले. "उचल मूठ, टाक मूठ." बाजीरावाने लय अंमळ वाढवली. बायका कमरेत किंचित वाकल्या होत्या, खाचरात वाकतात तशा, आणि झुंबरबाईचे डोळे ऋचाच्या तोंडावर खिळले होते. वाट बघत.

कशाची, हे आबांच्या ध्यानात आलं.

इर्जिकीत उतरलेला माणूस आपल्या मनाने उठत नाही. अर्ध्या खाचरातून उठणं म्हणजे ज्याने बोलावलं त्याच्या तोंडावर उठणं. ज्याची इर्जिक असते त्याने बांधावरून "पुरं" म्हणायचं, मग कंबर सरळ करायची. देवळातल्या तालमीत दरवेळी तिसऱ्या ओ नंतर आबांनी "पुरं" म्हटलं होतं. सवयीने. आपण म्हणतोय हेही त्यांना कळलं नव्हतं, आणि मंडळाला ते पियानोतच आहे असं वाटलं होतं. आज पियानो आबा नव्हते. आज कोणी पुरं म्हणत नव्हतं, म्हणून भाज्याची माणसं लावणी करत सुटली होती.

केशवराव उभे राहून दोन्ही हातांनी थांबा, थांबा करत होते. वर्गात चालायचं ते, इथे कोणी बघेना. माधवीने आबांचा सदरा ओढला. "आबा, थांबवा त्यांना."

एक शब्द. आबांच्या ओठांवर आला होता. म्हटला असता तर सगळं जागच्या जागी थांबलं असतं, पोरीने आपले चार सूर वाजवले असते, आणि झालं ते झालं म्हणून सगळे जेवायला बसले असते.

पण मग खाचर आबांचं झालं असतं.

आयुष्यभर जी जीभ एका जागी राहिली नाही, ती मारुती आबांनी दातांखाली धरली. झुंबरबाईने त्यांच्याकडे डोळे वटारले, म्हण की मेल्या. आबांनी मान हलवली आणि हनुवटीने पियानोकडे दाखवलं. तिला इचार.

ऋचाने मागे वळून पाहिलं. आणि मग, थांबवत नाहीत म्हटल्यावर, ती त्यांच्याबरोबर निघाली. उजवा हात वर, मंडळाच्या ओळीला ओळ, मग ओळीच्या मध्ये ओळ, मग अशा जागा की बाजीरावाने "अरारा" म्हणून ढोलकीवर आणखी वाकून घेतलं. लय वाढली. तिला दोन हात पुरेनात. दोन्ही वर गेले, तर खालचा चिखल नाहीसा झाला, पायाखालची जमीन गेल्यासारखी.

वेताची खुर्ची करकरली. सरोजिनीबाई उठल्या, नातीला कोपराने बाजूला सरकवलं आणि बाकाच्या टोकावर बसून डावा हात खाली घातला. एक पाय, दुसरा पाय. प्लास्टर मांडीवर, डोळे मिटलेले. महिनाभर दुसऱ्याच बाजूची तालीम केलेली, पण ही बाजू त्यांना पाठ होती. नात लिहीत असताना भिंतीपलीकडून ऐकलेली.

आता आवाज असा भरला की खिडकीच्या काचा थरथरल्या, आणि ही बाब आबांनी पुढे सांगितली त्यात काचा फुटल्या. फाटकाबाहेरचे पर्यटक आत अंगणात आले होते. केशवराव थांबा म्हणायचे थांबले. त्यांचे हात हवेत होते तसेच राहिले, आणि थोड्या वेळाने ते हात ताल धरू लागले. यशोधन सरांनी काखेतली स्वरलिपी उघडली नव्हती.

ऋचा झुंबरबाईकडे बघत होती. थोरली आत्याआजी वाकलेली, घामाने निथळलेली, आवाज फाटायला आलेला, तरी उठत नव्हती. उठणारही नव्हती. हे सगळे माझ्यासाठी वाकलेत आणि मी सोडलं नाही तर संध्याकाळपर्यंत वाकून राहतील, हे तिला कोणत्या ओळीला कळलं ते तीच जाणे. पण आबांना तिच्या पाठीवरून दिसलं की कळलं. तिने दोन्ही हात एकदम खाली आणले, सगळ्या पियानोभर, आणि उभी राहिली.

"पुरं," ती म्हणाली.

थाप तुटली. आवाज तुटले. बायकांनी कमरेवर हात ठेवून पाठी सरळ केल्या. पियानोच्या पोटात शेवटचे सूर बराच वेळ घुमत राहिले, कारण सरोजिनीबाईंनी पायाखालचं पेडल सोडलं नव्हतं.

मग झुंबरबाई म्हणाली, "आगं लवकर म्हनायचं की. भात लागला आसंल."

यशोधन सर आले, पियानोच्या कडेशी उभे राहिले आणि ऋचाऐवजी सगळ्यांकडे बघत म्हणाले, "हा शेवट असेल, तर दिल्लीला मी आजच नाही म्हणून कळवतो. हंगामाची अखेर आम्ही ह्याच कॉन्चेर्टोने करू."

माधवी धावत आईपाशी गेली.

"पण," सर म्हणाले, "माझ्या प्रतीत हे नाही. आमचे सत्तर लोक समोरच्या कागदावरून वाजवतात. जे लिहिलेलं नाही ते मी त्यांच्याकडून मागू शकत नाही. हे चुकून झालं असेल, तर चांगली चूक झाली, एवढंच म्हणून मी जाईन. लिहिलेलं आहे का? मला ते पान दाखवा."

ऋचाने तोंड उघडलं. आबा तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"पान व्हतं," ते म्हणाले. "शेळीनं खाल्लं."

"शेळीने?"

"परवा देवळात तालीम चालली व्हती. कागद कट्ट्यावर ठेवलेले. शेळी आली, समदे कागद हुंगले, पयल्या भागाला तोंड लावलं न्हाई, दुसऱ्याला न्हाई, आन नेमकं ह्येच पान उचललं. जनावराला बी कळतं साहेब, गोडी कुटं हाय ते."

"शेवटचं पान सगळ्यात वर होतं?"

"वाऱ्यानं उलटं झालतं."

सरांनी बाजीरावाकडे पाहिलं. बाजीरावाने घाम पुसला. "म्या पळालो की शेळीमागं. पार लेण्यांच्या पायऱ्यांपातुर. पन तिनं गिळलं."

आता सगळ्यांचे डोळे झुंबरबाईवर गेले. भावाची थाप तिने आजवर एकही सुखाने जाऊ दिली नव्हती. लग्नाच्या बैठकीत दिली नव्हती, भावकीच्या भांडणात दिली नव्हती. ती पदराने तोंड पुसत उभी राहिली आणि आबांना वाटलं, संपलं.

"काळी शेळी," झुंबरबाई म्हणाली. "एक शिंग मोडकं."

"ते पान मी पाहिलं होतं," पियानोच्या बाकावरून सरोजिनीबाई शांतपणे म्हणाल्या. "डाव्या हाताची बाजू फार गिचमिड होती. मी तिला तसं बोललेही होते."

आबांनी विहीणबाईंकडे असं पाहिलं, जसं त्यांनी आयुष्यात फक्त भैरवनाथाच्या पालखीकडे पाहिलं होतं.

आणि मग केशवरावांनी घसा खाकरला. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मला तर," ते म्हणाले, आणि थांबले, आणि पुन्हा म्हणाले, "मला तर पानाचा क्रमांकसुद्धा आठवतो. छप्पन्न."

माधवीने वडिलांकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

सरांनी प्रत उघडली. शेवटचं पान काढलं. "छप्पन्न इथे आहे. खाली दोन जाड रेघा आहेत. रचना संपल्याची खूण."

"सत्तावन्न," केशवराव म्हणाले. "सत्तावन्न म्हणायचं होतं मला."

भाज्याची माणसं आणि तुंगार्लीची माणसं, लग्नाच्या मांडवातही कधी अशी एका रांगेत उभी राहिली नव्हती, आणि सगळी एका शेळीच्या पाठीशी. आबांची छाती भरून आली. त्यांना वाटलं, आता ह्यात काही कमी नाही.

सरांनी खिशातून पेन्सिल काढली, पियानोवर ठेवली आणि ऋचाकडे पाहिलं.

तिने पेन्सिल उचलली.

"खोटं आहे, सर," ती म्हणाली. "सगळे खोटं बोलतायत. आजोबा तर पहिल्यांदाच, म्हणून इतकं वाईट बोलले. असं पान नव्हतंच. मी तीनदाच लिहिलं होतं. ह्यांनी मला थांबू दिलं नाही, आणि थांबवायचं काम माझं आहे हे मला आत्ता कळलं. तुम्ही भात खाऊन घ्या, तोवर लिहिते." मग ती आबांकडे वळली. "आणि आबा, आपल्याकडे शेळी कधी होती?"